पुढच्या सीटवरची बरणी

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं. मेसेज आत्ता आलाय, मला अजून उत्तर द्यायचंय, आणि कोणाला तरी सगळं सांगितल्याशिवाय मी उत्तर देऊच शकत नाही. भरभर टाइप करतेय, चुका पोटात घाला.

मेसेज आमच्या ऑफिसमधल्या अकाउंट्सच्या मुलीचा आहे. ती मस्कतमध्येच वाढली, इथल्या शाळेत शिकली, त्यामुळे तिचं मराठी असं येतं: "ताई, मॅडमचा चकती माझ्याकडे डेड झाला. तुझ्याकडे आहे ना? प्लीज थोडा देशील?"

हे वाचून मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. चहाचा कप बाजूला ठेवून मी दोनदा वाचलं.

तर आधी चकती म्हणजे काय ते सांगते. काळा चहा करायचा, त्यात बरीच साखर, गार होऊ द्यायचा आणि त्यात ती चकती सोडायची. जाड साय असावी तशी दिसते, पांढरट, बुळबुळीत, बघून कोणालाही प्यावंसं वाटणार नाही. आठवड्यात चहा आंबटसर होतो. मग आल्याचा तुकडा घालून घट्ट बाटलीत दोनेक दिवस ठेवला की उघडताना फस्स. हा कोम्बुचा. दह्याला विरजण तशी याला चकती. दारू नाही. ओमानमध्ये राहून हे वाक्य मी एवढ्या वेळा बोललेय की झोपेतही बोलत असेन.

आणि मॅडम. मॅडम आमच्या ऑफिसात बांधकामाच्या ड्रॉइंगवर शिक्के मारायच्या. कुठलं ड्रॉइंग कुठल्या कपाटात, कुठलं जुनं झालं, कुठलं साइटवर गेलं, सगळं त्यांच्याकडे. मूळच्या अलिबागकडच्या. इतकी वर्षं आखातात काढली तरी "काय गो बाय" काही सुटलं नव्हतं. त्या राहायच्या अल अमेरातला, मी वादी अदाईला, ऑफिस अल खुवैरला. म्हणजे त्यांच्या वाटेतच मी. मला गाडी येत नाही, टॅक्सी रोज परवडत नाही, म्हणून त्यांनी मला उचलायचं असं ठरलं.

पहिल्या दिवशी गाडी थांबली. मी पुढचं दार उघडलं. पुढच्या सीटवर एक भलीमोठी काचेची बरणी बसली होती. तोंडाला पांढरं फडकं, रबर बँड, आणि वरून सीटबेल्ट लावलेला. एसीची दोन्ही भोकं तिच्याकडे वळवलेली.

"मागे बस गो," मॅडम म्हणाल्या. "तिला धक्का लागलेला चालत नाही."

"आणि मला?"

"तुला हाडं आहेत."

वर्षभर मी मागे बसले. बरणी रोज नसायची, पण सवय अशी झाली की सीट रिकामी असली तरी मी मागेच बसायचे. मला त्या बरणीचा हेवा वाटायचा हे मी आईलासुद्धा फोनवर सांगितलं नाही. सांगणार तरी काय? आई, मला एका चहाचा हेवा वाटतो.

मॅडमच्या बाटल्या ऑफिसच्या फ्रीजमध्ये असायच्या. वर साइटवरचं लेबल चिकटवलेलं: सॅम्पल, फेकू नये. त्यामुळे कोणी हात लावायचं नाही. सगळ्यांना वाटायचं वाळूचा नाहीतर पाण्याचा नमुना आहे. दुपारी जेवण झालं की त्या एक बाटली काढायच्या, कानाशी धरायच्या, डोळे मिटायच्या. "बोलतेय," म्हणायच्या. मग उघडायच्या. तो आवाज तिसऱ्या केबिनपर्यंत जायचा. कधी सुक्या काळ्या लिंबाचा, इथे त्याला लुमी म्हणतात, कधी गावाहून आणलेल्या कोकमाचा, कधी खजुराचा. अर्धा कप मला. लुमीचा पहिल्यांदा प्यायले तेव्हा माझ्या डोक्यात एकच विचार आला, की हे मला करता आलं पाहिजे. त्यांच्यापेक्षा चांगलं.

इजिप्तचे एक इंजिनियर एकदा हळूच विचारत होते, मॅडम, यात काही आहे का, म्हणजे, आहे का? मॅडम म्हणाल्या, "झिंग हवी असेल तर यल्ला, चला, पगाराची स्लिप काढून बघा."

मी घरी जाऊन त्याच संध्याकाळी ऑनलाइन शोधायला बसले. माझं सगळं असंच चालतं, एक गोष्ट आवडली की कार्टमध्ये. आणि तिथे काय नव्हतं. झाकणाला तारेची क्लिप असलेल्या बाटल्या, नळ असलेल्या बरण्या, सुकवलेली चकती पाकिटात, तापमान दाखवणारी पट्टी, हवा बाहेर जायची नळी, स्पेशल कापड. स्पेशल कापड म्हणजे साधं मलमल, पण त्यावर पान छापलेलं. वस्तू स्वस्त, आणि ओमानला पाठवायचा खर्च बघितला तर वस्तूहून जास्त. मग मी मॅडमना विचारलं, तुम्ही कुठून आणता?

"इथूनच."

"इथून म्हणजे कुठून?"

"दुकानातून."

"कुठल्या?"

आरशातून माझ्याकडे बघितलं त्यांनी. "जागा सांगितली की गर्दी होते."

थोडं थोडं मला कळत गेलं, पण दुरूनच. त्यांची पद्धत अशी, की दुकानात जाऊन 'काय मिळेल' असं कधी विचारायचं नाही. विचारायचं, "आप लोग क्या फेंकते हो?" शावरमावाल्याकडे लोणच्याच्या मोठाल्या काचेच्या बरण्या रिकाम्या होतात, त्या फेकतो. दिशदाशा, म्हणजे ओमानी पुरुषांचे लांब झगे, शिवणाऱ्या टेलरकडे पांढऱ्या सुती कापडाच्या चिंध्या, इतकं तलम कापड की मलमलनं लाजावं. ऑफिसखालच्या कॅफेत परदेशी लेमोनेड येतं क्लिपवाल्या बाटल्यांत, त्या फेकतात. माझ्या कार्टमध्ये जे जे होतं ते सगळं मस्कतमध्ये कोणी ना कोणी कचऱ्यात टाकत होतं, आणि मॅडम तिथे उभ्या होत्या. नुसत्या उभ्या नाहीत, पुढच्या वेळी त्या माणसासाठी एक बाटली घेऊन जायच्या.

हे मी पुढे अंदाजानं जुळवलंय. कारण दर शनिवारी भाजी घ्यायला रुवीला जाताना त्या मला न्यायच्या खऱ्या, पण गाडीत बसवून ठेवायच्या. एका गल्लीत, पार्किंग नाही अशा ठिकाणी, दोन्ही इंडिकेटर लावून गाडी उभी करायच्या आणि म्हणायच्या, "पोलीस आला तर सांग मॅडम आत्ता येतायत. मुखालफा बसू देऊ नको." मुखालफा म्हणजे दंडाची पावती. मला गाडी येत नाही, अरबी येत नाही, आणि माझ्यावर दंड थांबवायची जबाबदारी. बरणी घेऊन आत जायच्या, पाठीमागे कुठेतरी, आणि बऱ्याच वेळानं बरणी घेऊन परत यायच्या. मी मान वळवून बघायचे तर बाजूला भलामोठा ट्रक, काही दिसायचं नाही. मी आपली कंटाळून मोबाईलवर बाटल्यांचे भाव बघत बसायचे.

शेवटी मी ऑनलाइन किट मागवलंच. सगळं एकत्र, एका खोक्यात. खूप खूश होते. मॅडमना सांगितलं नाही, एकदम फसफसवूनच दाखवणार होते.

मग फोन आला. पार्सल अडकलंय, विमानतळाजवळच्या कार्गो ऑफिसात स्वतः या. आता जाणार कशी? मॅडमनाच सांगावं लागलं. त्यांनी गाडी वळवली. पुढच्या सीटवर बरणी नव्हती, तरी मी मागेच.

काउंटरवरच्या तरुण ओमानी माणसानं खोका आमच्याकडे वळवला. खोक्यावर फेसानं ओसंडणारा बिअरचा मग. एवढा मोठा. साइटवर बघताना मी फक्त बाटल्या बघितल्या होत्या, हे चित्र खाली कुठेतरी होतं.

"व्हॉट इज धिस, सिस्टर?" तो शांतपणे म्हणाला.

"टी," मी म्हटलं.

त्यानं चित्राकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला घाम फुटला, व्हिसा, नोकरी, आई, सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

मॅडम पुढे झाल्या. त्यांच्या त्या अर्ध्या अरबी, अर्ध्या हिंदीत म्हणाल्या, अर्बाब, म्हणजे शेठ, ही पोरगी खरंच चहाच करते, चित्र चुकीचं आहे.

तो हसला. म्हणाला, "चित्र चुकीचं असेल, खाला. पण खोका तर याच चित्राचा आहे ना?"

मॅडम म्हणाल्या, "ते बरोबर आहे."

झालं. खोका आल्या वाटेनं परत. त्यानं आम्हाला कहवा पाजला, मॅडमनी त्याच्या आईची चौकशी केली, दोघांनी सुक्या लिंबाबद्दल गप्पा मारल्या. मी बाजूला उभी. मी एवढी घाबरलेली आणि ह्या बाईला इथेही ओळख होते, ह्याचाच मला राग आला.

परतताना त्या म्हणाल्या, "त्यात हवेची नळी होती ना?"

"हो."

"चकतीला हवा लागते गो. बंद करून ठेवलंस तर गुदमरेल. त्या खोक्यातलं अर्धं तुला लागणारच नव्हतं." आणि वळण घेता घेता, "बाकीचं अर्धं लोक फेकतात."

तेव्हा मी पहिल्यांदा सरळ मागितलं. म्हटलं, मॅडम, मला तुमच्या चकतीतला तुकडा द्या ना.

"तुझ्याकडे मरेल ती."

"का मरेल? मी नीट बघेन."

"बघून काय होतंय. तुझ्या खोलीचा एसी दिवसभर बंद. मे महिन्यात तिचा रस्सा होईल."

हे खरं होतं. मी भाड्याच्या खोलीत राहते, दिवसा एसी लावला की घरमालकीण बाहेरून दार वाजवते. पण मला ते खरं वाटलं नाही. मला वाटलं, बाई देत नाही म्हणजे देत नाही. मग मी छोट्या पाकिटातून सुकवलेली चकती मागवली, ती आली, कुठलंही चित्र नव्हतं. तिचा चहा आंबट झाला पण फसफसला कधीच नाही. मॅडमनी एक घोट घेतला. "काकडीवर घाल," म्हणाल्या.

नंतर दोनदा मागितलं. दोनदा तेच, तुझ्याकडे मरेल. त्यात माझी ड्रायव्हिंगची ड्रम टेस्ट. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, इथे लायसन्ससाठी लोखंडी पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यावी लागते. पिंपाला गाडी लागली की खलास. मी नापास, परत नापास, परत नापास. मॅडम पहिल्याच वेळी पास झाल्या होत्या, हे मला ऑफिसमधल्या प्रत्येक माणसानं वेगवेगळं येऊन सांगितलं.

"तू ड्रमकडे बघतेस," मॅडम म्हणायच्या. "मोकळ्या जागेकडे बघ. गाडी जिथे बघतेस तिथे जाते." मी म्हणायचे हो, आणि ड्रमकडे बघायचे.

मग ही अकाउंट्सवाली मुलगी आली. नवीन, गोड, अल खुवैरलाच आईबाबांबरोबर राहणारी, बाबा गाडीनं सोडतात. तिसऱ्या दिवशी फ्रीजपाशी उभी राहून म्हणाली, "मॅडम, धिस इज सो नाइस, मला शिकवाल?" चौथ्या दिवशी तिच्या टेबलावर बरणी. पांढरं फडकं, रबर बँड, आत चकती. माझ्या डोळ्यांसमोर.

मला काय झालं ते सांगताच येत नाही. मी वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. वर्षभर मागच्या सीटवर बसले मी. दंड मी अडवले. कार्गो ऑफिसात घाम मला फुटला. आणि हिला चार दिवसांत.

गाडीत मी गप्प होते. मॅडमनी विचारलंही नाही. फक्त म्हणाल्या, "तिच्या घरी आजी असते. एसी चालू असतो."

"मी कुठे काय म्हटलं?"

"काही नाही म्हटलंस," त्या म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचं कंत्राट संपलं. फायनल एक्झिट. इथे कोणी कायमचं निघालं की व्हॉट्सअॅपवर फोटो येतात, सोफा, पडदे, मिक्सर, घेऊन जा. मॅडमनी फोटो टाकले नाहीत. ज्याला जे द्यायचं ते त्याच्या हातात. इंजिनियरला इस्त्री. टेलरला टेबलफॅन. मी वाट बघत होते. शेवटच्या दिवशी वादी अदाईला माझ्या बिल्डिंगखाली गाडी थांबली आणि त्यांनी पर्समधून काढून माझ्या हातात काय दिलं माहितीय? बरणीला चिकटवायची तापमानाची पट्टी. वापरलेली. मागचा गोंद अर्धा निघालेला.

"ठेव," म्हणाल्या. "हिरवं आलं की बरोबर."

"आणि चकती?"

"इन्शाल्ला," म्हणाल्या, आणि गाडी गेली.

मी रडले. रागानं. आणि त्यांच्यावर चिडूनच असेल, पण पुढच्या टेस्टला मी ड्रमकडे बघितलंच नाही, पास झाले. ऑफिसमधल्या एकाची जुनी गाडी हप्त्यानं घेतली. पट्टी माझ्या त्या मठ्ठ बरणीवर लावली होती. एका दुपारी ती पडली. परत लावली, परत पडली. ऑनलाइन बघितलं, पुन्हा तेच, पट्टी एवढीशी आणि पाठवायचा खर्च तेवढा. मग आठवलं, मॅडम ज्या गल्लीत इंडिकेटर लावायच्या ती. शनिवारी गेले. त्याच जागी गाडी लावली, इंडिकेटर लावले, उतरले, आणि पहिल्यांदाच मागे वळून चालत गेले.

माशांचं दुकान. खायचे नाहीत, काचेच्या टाक्यांतले, रंगीत. आत गेले तर गारेगार. प्रत्येक टाकीवर तीच पट्टी, हिरवी. मालक मल्याळी, चष्मा कपाळावर.

मी विचारलं, "ये टेंपरेचरवाली पट्टी मिलेगी?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग दारातून बाहेर, गाडीकडे. "आप चलाके आया?"

"हां."

"अकेला?"

"हां. क्यों?"

तो पडदा सरकवून आत गेला. मागे दोन टाक्यांच्या मध्ये, जिथे नारिंगी मासे फिरत होते, तिथे ती होती. लोणच्याची मोठी बरणी, टेलरचं फडकं, रबर बँड. आत चकती, ताटाएवढी, थरावर थर.

"आंटी का," तो म्हणाला. "आंटी बोला, वो पीछे बैठनेवाला लडकी आएगा. खुद गाडी चलाके आया तो देना. किसी के साथ आया तो पट्टी बेचना, बस."

"उनको कैसे पता मैं आऊंगी?"

"बोला, पट्टी का गोंद खराब है. गिरेगा. फिर आएगा."

मग तो म्हणाला की घरी नेऊ नकोस, इथेच राहू दे. मॅडमचीसुद्धा उन्हाळाभर इथेच असायची. त्यांचाही एसी दिवसा बंदच असायचा. इथे माशांसाठी चोवीस तास चालू. दर शनिवारी येऊन त्या नवा चहा घालायच्या, तयार झालेला घेऊन जायच्या. म्हणून ज्याला गाडी येते त्यालाच. दर आठवड्याला यायला हवं ना.

म्हणजे मी बाहेर बसून ऑनलाइन बाटल्या बघत होते तेव्हा ती माझ्या पाठीमागे, पंधरा पावलांवर होती.

त्यानं फ्रीजमधून स्वतः केलेली एक बाटली काढली. उघडली. तो आवाज. मॅडमसारखाच. मला परत जळजळ झाली, ह्यालाही माझ्याआधी जमलं.

आता मीही दर शनिवारी जाते. लुमीचा केला, खजुराचा केला. फसफसतो. मॅडमच्यापेक्षा चांगला होतो का? नाही. अजून नाही. त्यांना व्हिडिओ पाठवला, त्यांनी फक्त कानाचं चित्र पाठवलं.

तर आता हा मेसेज. तिच्या घरचे सगळे सुट्टीला भारतात गेले, आजीसुद्धा, एसी बंद राहिला, आणि चकतीचा रस्सा झाला. मी आधी टाइप केलं, "तुझ्याकडे मरेल ती." वाचलं. मॅडमचा आवाज आला कानात, पुसलं. मग टाइप केलं, "नाही गं, माझ्याकडे नाहीये." तेही पुसलं. हे लिहिता लिहिता मध्येच उत्तर पाठवलंय: "तुला गाडी येते का?"

लगेच आलं, "नाही, ड्रम टेस्ट दोनदा फेल झाला. का?"

दोनदाच. मी हिच्यापेक्षा जास्त वेळा नापास झालेय, तरी मला कसं बरं वाटलं.

मी लिहिलं, शनिवारी रुवीला चल माझ्याबरोबर. ती लिहिते, "येय! दुकान दाखवशील ना?"

मी लिहिलंय, "तू गाडीत बसायचं. मागे. पोलीस आला तर सांगायचं, ताई आत्ता येतेय."

निळ्या टिक आल्यात. ती टाइप करतेय.

तुमच्या बाबतीत झालंय का कधी असं, की ज्या माणसावर एवढं जळलात त्याच्यासारखंच वागताना तुम्ही स्वतःला पकडलंत, आणि सोडलं मात्र नाहीत? पटकन सांगा, शनिवार जवळ आलाय.